गुडा उठला

बावीस घरांचा एक गुडा मी एका शब्दात मिटवला, भाऊ, आन तो शब्द लिवल्यावर अक्षर चांगलं आलं म्हून मी दोनदा पाह्यलं त्याच्याकडं. पह्यले हेच सांगतो, जन्म-गाव मंग सांगतो. मागून सांगीन म्हटलं तं मी मले चांगला ओळखतो, इकडचं तिकडचं सांगत बसीन आन ते राहूनच जाईन. चौदा वर्षं तसंच राह्यलं ते. तुमी लिवून घ्या. नाव बदला पायजे तं, पण काम बदलू नका, कारकून आहे तं कारकूनच लिवा.

आता गाव सांगतो. माहं गाव जैनथच्या अंगाला, पैनगंगेच्या काठी. नदीच्या या बाजूले तेलंगाणा, त्या बाजूले महाराष्ट्र, आन दोन्ही बाजूले तीच काळी माती, तीच पऱ्हाटी, तेच सोयाबीन, सोयरेही तेच. माही मोठी बहीण नदीपल्याड देल्ली आहे, तिच्या घरचा धूर आमच्या वावरातून दिसे. आमी बौद्ध. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, जिथं पावसात साऱ्या गावाचं पाणी येऊन थांबते. बाप एका मोठ्या कास्तकाराकडं सालदार होता, साल भरलं का त्याच घरी दुसरं साल, असे सव्वीस साल त्यानं काढले. माय निंदायले जाये.

बापाची एक गोष्ट सांगतो, हसू नका. जनगणनेचा मास्तर गावात आला का माहा बाप त्या दिवशी कामाले जाये नाही. धुतलेला सदरा घाले, दारात पोतं टाकून सकाळपासून बसे. मास्तर वरच्या गावातूनच आमची वस्ती लिवून घेई, कोणालेतरी इचारे, खाली किती आहेत रे, आन तो बोटानं दाखवे, असतीन पंधरा-वीस. म्हून बाप उठून स्वता मास्तराच्या समोर जाऊन उभा राहे आन म्हणे, साहेब, माहं नाव लिवा, मी आहे. लोक हसत. माय म्हणे, तुमी आहात हे मास्तराले सांगायले कामून जा लागते, तुमी तं दिसून राह्यले. बाप म्हणे, दिसणं येगळं, लिवणं येगळं. असा माणूस माहा बाप, आन त्याच्या पोटी मी.

शाळा माही सातवीलोक मराठीत झाली, मंग तेलगूत. इकडच्या माणसाच्या तोंडात चार भाषा राह्यते, तुमी पुण्या-मुंबईच्या लोकाइले नवल वाटते त्याचं, आमाले नाही. घरी मराठी, शाळेत आन हापिसात तेलगू, बाजारात मारवाड्यासंग हिंदी, आन तहसीलच्या कागदात अजूनही निजामाच्या येळचं उर्दू. फाईलले मिसल, पाहणीले मुआयना, आन नोंदवहीत सगळ्यात शेवटचा रकाना असते, शेरा लिवायचा, त्याले कैफियत म्हणते. कैफियत म्हटलं तं कोणाले वाटीन गरिबाचं गाऱ्हाणं. आमच्या इथं कैफियत कारकून लिवते.

परीक्षा पास झालो, नोकरी लागली, आन मले उटनूरच्या अंगाला डोंगरातल्या एका मंडलात, म्हणजे तुमच्याकडच्या तालुक्यात, टाकलं. मंडलाचं नाव नाही सांगत, तिथले लोक अजून कामावर आहेत. तेव्हा मले समजलं का आपला जिल्हा आपण पाह्यलाच नव्हता. जैनथकडं सपाट, नजर जाईन तिथलोक कापूस. नेरडीगोंड्याकडं गेलं का मोठी सडक, दिल्लीचे ट्रक, ढाबे, गावं सडकेकडं तोंड करून बसलेली. आन उटनूरकडं चढलं का साग, बांबू, मोह, लाल मुरूम, आन दहा-दहा कोसात पसरलेल्या बारक्या वस्त्या. खाली गोंडाची गावं, अंगण सारवलेलं, कुड लिपलेले. त्याइच्या संग परधान, किंगरी वाजवून गोंडाच्या पूर्वजाइच्या गोष्टी सांगणारे. मधात मथुरा लोकाइचे तांडे, बाया भरपूर आरशाचे घागरे घालणाऱ्या. आन सगळ्यात वर, जिथं पायवाटही मनावर घेऊन चढते, तिथं कोलाम. वीस घरं, पंचवीस घरं, बस. त्याले गुडा म्हणते. गुड्याले देवाचं नाव नसते, पटेलाचं असते. पटेल म्हणजे त्याइचा मुखिया. पटेल लच्चू, तं लच्चूगुडा. उद्या पटेल बदलला तं गुड्याचं नावही बदलते. सरकारी यादीले हे जमत नाही, यादीले नाव एकच पायजे, म्हून अर्ध्या गुड्याइले यादीत मेलेल्या पटेलाचं नाव आहे. आमच्या हापिसात एक जण म्हणे, हे कोलाम लोक मेल्यावरही निवडून येते.

वरून हुकूम आला का वस्तीवार यादी करा. गाव नाही, वस्ती. प्रत्येक गुडा, तांडा, घरं किती, भाषा कोणती, पाणी कुठून, सडक आहे का, शेत कोणाच्या ताब्यात. प्रत्येक ठिकाणी स्वता जाऊन मुआयना करा. माह्याकडं चाळीसच्या वर वस्त्या आल्या. मी केल्या, भाऊ, खोटं नाही सांगत, बाकीच्या मी पायानं केल्या. एका तांड्यात कुत्रं चावलं तं इंजेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी परत गेलो. म्हून तं जास्त लागते. मी कामचुकार असतो तं एवढं लागलं नसतं.

लच्चूगुडा शेवटून दुसरा. एप्रिलचं ऊन. सडकेवरच्या गोंड गावात बस सोडली, तिथून वढा, मंग दोन कोस चढ. आन दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीत जयंती. मी कमिटीचा सेक्रेटरी. निळ्या कापडाचा तागा आदिलाबादून मलेच न्यायचा होता, भाषणही माहंच होतं. दोन वाजताची बस चुकली तं मंग संध्याकाळलोक बस नाही. घड्याळ पाह्यलं, बारा वाजून गेले होते. विहिरीजवळ एक गोंड बुढा दोर वळत बसला होता. मी इचारलं, आजोबा, वर लच्चूगुड्यात घरं किती? दोराचं टोक त्यानं दातात धरलं होतं, ते काढलं, डोंगराकडं पाह्यलं, आन म्हणे, गुडा तं उठला.

गुडा उठला. आमच्याकडं गाव उठलं म्हटलं का संपलं. पटकी आली, गाव उठलं. पाणी आटलं, गाव उठलं. भिंती राह्यते, माणूस राह्यत नाही. मी म्हटलं, अस्सं. बुढ्यानं पुना टोक दातात धरलं.

कवा उठला, एवढं एक इचारलं असतं, भाऊ. दोन अक्षरं. काऊन उठला, कुठं गेले, पुना येणार का. मी इचारलं नाही, कारण उत्तर येईन अशी भीती वाटली. हे आता सांगतो आहे, तवा असं काही वाटलं नाही, तवा वाटलं का चला, बरं झालं, बस भेटीन. विहिरीच्या जगतीवर नोंदवही ठेवली, घरांच्या रकान्यात शून्य, पाण्याच्या रकान्यात रेघ, सडकेच्या रकान्यात रेघ, आन कैफियतच्या रकान्यात लिवलं, बेचिराग. हा निजामाच्या येळचा शब्द आहे. बे म्हणजे बिना, चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लावायले माणूस नाही ते बेचिराग. खाली सही केली, मुआयना केला म्हून. बस भेटली. दुसऱ्या दिवशी भाषण चांगलं झालं, टाळ्या पडल्या. मी काय बोललो तुमाले सांगू? आपल्या लोकाइले हजारो वर्षं कोणी मोजलं नाही, हे बोललो.

यादी वर गेली, टाईप झाली, मंग कॉम्प्युटरात गेली. कॉम्प्युटरात गेलेलं कसं राह्यते तुमाले माहीत आहे, पेनाचं खोडता येते, ते खोडता येत नाही. बेचिराग म्हून कॉम्प्युटरच्या यादीतून नाव गळलं, आन नाव नाही म्हून बोअर नाही, अंगणवाडी नाही, वढ्यावर पूल नाही. हे समदं मले माहीत नव्हतं, आन माहीत करून घ्यायचं मी टाळलंही. मंग पोडूच्या जमिनीचे पट्टे देणं सुरू झालं. पोडू म्हणजे जंगलातली शेती, जो पिढ्यान् पिढ्या कसून राह्यला त्याच्या नावानं कागद भेटणार. लच्चूगुड्याच्या लोकाइनंही अर्ज केला. अर्ज वापस आला. कारण काय, तं हा गुडा रेकॉर्डात बेचिराग आहे, तिथं माणूसच नाही, मंग शेती कोण करते, आन आता कोणी असतीन तं ते नवे घुसलेले आहेत. पावसाच्या आधी जंगल खात्याची मशीन आली आन त्याइच्या ज्वारीच्या वावराभोवती खंदक खणला, आत सागाची रोपं लावली.

तवा लच्चू पटेल पह्यल्यांदा हापिसात आला.

बारका माणूस, गुडघ्यावर धोतर, डोक्याले लाल फडकं, मराठी आपल्यासारखंच बोले, फक्त सावकाश, शब्द निवडून. संग चौघं जण. मोठ्या साहेबाकडं कोणी जाऊ देल्लं नाही, तं माह्या टेबलासमोर आला. म्हणे, साहेब, आमी आहोत. मी म्हटलं, कुठले? म्हणे, लच्चूगुड्याचे, मीच लच्चू. मी यादी काढली, उगाच पानं चाळली, मले पान पाठ होतं. तो म्हणे, लिवणाऱ्यानं लिवलं का गुड्यात कोणी नाही, असं कसं लिवलं असन? मी म्हटलं, पटेल, एप्रिलमधी तुमी कुठं होते? तो हसला. म्हणे, एप्रिलमधी कोलाम घरी राह्यते का? मोहाले उठलो होतो. मोह पडते तवा सारा गुडा उठते, लेकरं-बाळं-कोंबड्या घेऊन, पंधरा-वीस रोज झाडाखालीच राहतो, नाही तं पहाटे आमच्या आधी अस्वल येऊन खाते. हे तं सडकेवरच्या कुत्र्यालेही माहीत आहे, साहेब.

मले माहीत नव्हतं. आन बुढ्यानं तेच सांगितलं होतं मले.

मंग पटेल म्हणे, हे लिवणारा माणूस कोण होय? मले एक डाव दाखवा. मी त्याले भांडत नाही. फक्त इचारतो का बाबा, तू कवा आला होता, आन आमी तुले पाणी काऊन देल्लं नाही. असं बोलला तो. माह्यापासून दोन हातावर. आन मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, पटेल, हे वरून आलं आहे. वरचे लोक लिवते, आमी खालचे काय करणार. आन उठून त्याले मडक्यातलं गार पाणी देल्लं, खुर्ची देल्ली. त्यानं खुर्ची घेतली नाही, पाणी घेतलं, आन संगच्याइले कोलामीत काही सांगितलं. मी इचारलं काय म्हणते, तं म्हणे, सांगून राह्यलो का या हापिसात एक माणूस आहे.

काय सांगू तुमाले. त्या दिवशी कबूल केलं असतं तं साधी दुरुस्ती होती. एक चिठ्ठी, मुआयना न करता नोंद झाली, दुरुस्त करावी. मेमो भेटला असता, जास्तीत जास्त बदली. पण माही पोरगी बारावीले, बायकोची शाळा जवळ, आन खरं सांगू, हापिसात माही इज्जत होती, माह्या अक्षराची आन माह्या ईमानदारीची. लोक म्हणत, ह्याच्या यादीवर डोळे झाकून सही करा. डोळे झाकूनच झाली.

चार महिन्यानं पटेलानं काय केलं, ऐका. सकाळी हापिस उघडलं तं लिंबाच्या झाडाखाली सारा गुडा बसलेला. बुढे, बाया, अंगावर पाजणाऱ्या माया, लेकरं, टोपल्यात कोंबड्या, दोन कुत्रे, एक शेळी. एका बुढीले बाजेवर टाकून आनलं होतं. पटेल समोर आला, हात जोडले नाही त्यानं, काठी टेकून उभा राह्यला आन म्हणे, साहेब, तुमाले गुड्यापर्यंत येता आलं नाही, म्हून गुडा इथं आनला. मोजून घ्या. हापिसातले समदे बाहेर आले. कोणी म्हणे, कोंबड्याही मोजायच्या का पटेल? पटेल म्हणे, मोजा की, त्याही तिथल्याच आहेत, रानकोंबड्या नाही. लोक हसले, गुडाही हसला. मोठे साहेब बाहेर आले, ते चांगले होते, पण नियमाचे. त्याइनं समजावून सांगितलं का मुआयना जागेवर होते, माणूस इथं मोजून चालत नाही, तुमी इथं आले म्हणजे आता गुड्यात कोणी नाही, मंग लिवलं ते बरोबरच ठरते. विनोद नव्हता करत ते, नियम सांगत होते. मंग मले म्हणे, जरा समजावून वापस पाठवा. मी समजावलं. मी पाणी वाटलं, बिस्कीटं वाटली. ते सडकेलोकचे दोन कोस नाही, हापिसालोक सात कोस चालून आले होते. त्याच वाटेनं वापस गेले. जातानी पटेलाच्या बायकोनं, मारूबाई तिचं नाव, पळसाच्या पानात बांधून चारोळी माह्या टेबलावर ठेवली. ती मी घरी नेली. लेकराइनं खाल्ली.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यानं पटेल येई. इचारे, आमच्या दुरुस्तीच्या अर्जाची मिसल कुठं आहे? मी सांगे, वर आहे. एक डाव खरंच वर होती, बाकी सगळ्या डाव ती माह्याच कपाटात होती.

गुडा उतरू लागला. वावर गेलं तं माणूस काय खाईन? दोन घरं नेरडीगोंड्याकडं सडकेवर गेली, ढाब्यावर भांडे घासायले. तीन घरं ईटभट्टीवर. आन एका दिवाळीत मी गावी गेलो, जैनथच्या सडकेनं मोटारसायकलीवर, तं एका वावरात कापूस वेचायले बाहेरचे मजूर आले होते, धुऱ्यावर प्लास्टिक ताणून राहत होते. पाणी प्यायले थांबलो. एका बाईनं लोटा देल्ला. मी इचारलं, कुठले तुमी? म्हणे, लच्चूगुड्याचे. माह्या गावाच्या शिवारात, भाऊ. माहा बाप जिथं सालदार होता त्याच्या शेजारच्या वावरात. मी पाणी प्यालो आन निघून आलो. पुढच्या साली पटेल गेला. ताप आला, पावसाचे दिवस, वढा भरलेला, आठ रोज उतरला नाही. जुने कोलाम सांगते का पटेल मेला का गुडा त्या जागेवरून उचलून दुसरीकडं मांडायचा, ही त्याइची रीत. पण मांडायले जागा कुठं होती. चौफेर खंदक. म्हून नाव लच्चूगुडाच राह्यलं.

मी जे लिवलं ते तवा खोटं होतं. आता खरं होत आलं होतं. हे मले रोज टेबलावर बसून समजे, आन मी रोज दुसऱ्या याद्या करे.

माही बायको सुनंदा, आश्रमशाळेत मास्तरीण आहे. मागच्या जूनमधी घरी आली, चप्पल काढता काढताच म्हणे, अहो, हे लच्चूगुडा कुठं येते? एका पोरीचं नाव घालायचं आहे, तिसरीले, कॉम्प्युटरात गावाचं नाव निवडा लागते, आन त्या यादीत हे नावच नाही. कारकून म्हणते, जवळचं कोणतं गाव असन ते टाका. पोरगी ऐकत नाही. म्हणे, मी तिथली नाही, मी लच्चूगुड्याची. रडते पण दुसरं नाव घेऊ देत नाही. मी म्हटलं, तो गुडा आहे. ती म्हणे, आहे तं यादीत काऊन नाही? चहा ठेवला होता तिनं. मी गॅस बंद केला आन खाली बसून समदं सांगितलं, जयंतीच्या आदल्या दिवसापासून. चौदा वर्षानं पह्यल्यांदा. तिनं मधात एकच इचारलं, आन ते भाषण तुमीच देल्लं होतं ना? मी म्हटलं, हो. तिनं गॅस पुना पेटवला. मंग म्हणे, मले सांगून मोकळे होऊ नका. ज्याले सांगायचं त्याले सांगा.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिवला, माह्या नावानं, तेलगूत. अमुक वस्तीचा मुआयना मी केला नाही, न जाता बेचिराग लिवलं, सही माही आहे, आन दुरुस्तीची मिसल मी अडवून ठेवली. मोठ्या मॅडम नव्या आहेत, वरंगलकडच्या, पोरगीच म्हणा. वाचलं, पुना वाचलं, आन तेलगूत इचारलं, तुमी गेलेच नव्हते? मी म्हटलं, लेदु मॅडम. नाही. त्या चिडल्या नाहीत, माह्याकडं अशा पाह्यल्या जसं एखाद्या बुजुर्गाले फाटक्या कपड्यात पाह्यलं. मेमो देल्ला, चौकशी लावली, ती चालू आहे, होईन ते होईन. संग हुकूम देल्ला का आता जा, जागेवर मुआयना करा, पंचनामा करून आना, आन या डाव फोटो पायजे. हापिसातले लोक आता माह्यासंग चहाले येत नाहीत. एक जण म्हणे, मेलेला साप गळ्यात काऊन घातला बे? गुडा यादीत आला आहे आता, तुमाले सांगतो, त्या पोरीचंही नाव बरोबर लागलं. पण जमिनीचा अर्ज नव्याने करा लागन, आन खंदकातले साग आता माणसाहून उंच झाले आहेत, ते कोण उपटणार.

तं त्या मुआयन्याचं सांगतो आन संपवतो.

सकाळीच निघालो. वढ्यात गुडघ्याएवढं पाणी होतं. दोन कोस चढ मले झेपला, दम लागला पण झेपला, म्हणजे तवाही झेपला असता. वर पोचलो तं मोकळी जागा, पडलेल्या कुडाचे खांब, चुलीचे दगड, आन त्याच्या मधात सहा घरं. मोजले, सहा. मारूबाई दारात सूप घेऊन बसली होती, डोळ्याले कमी दिसते आता. कोण होय? मी म्हटलं, मी तहसीलचा. ती म्हणे, पाणी देणारा का? आवाजानं ओळखलं. आतल्या बाईले हाक मारली का बाज टाक, पटेलाचा माणूस आला. सहा घरची माणसं जमली, चार बाया, तीन बुढे, लेकरं. मी पंचनामा लिवला. घरं सहा. भाषा कोलामी, मराठी. पाणी झऱ्याचं. मंग तिचा अंगठा घ्यायचा होता, आन मी म्हटलं, माय, तवा कागदात चूक झाली होती, आता ती दुरुस्त होऊन राह्यली.

तिनं अंगठा मागं घेतला. म्हणे, बापू, चूक झाली म्हणते तू. पाऊस झाला, झाड पडलं, तसं झाली का? कागद चालत आला होता का इथं? एक बुढा म्हणे, जाऊ दे ना मारू, सरकार आहे ते. ती म्हणे, सरकार तं मी जन्मात पाह्यलं नाही, माणसंच येते नाही तं येत नाही. पटेल मरेलोक इचारत होता का कोण होय तो. तापातही इचारे. तुले माहीत आहे का? माहीत असन तं सांग, नाही तं शाई घेऊन जा तुही.

माहे हात शाईचे होते. बाजेवरून उतरलो आन तिच्यासमोर खाली जमिनीवर बसलो, आन सांगितलं जसं आता तुमाले सांगून राह्यलो तसंच. म्हटलं, मारूबाई, तो माणूस मी होय. त्या दिवशी मी खाली विहिरीवरूनच वापस गेलो, मले बस पकडायची होती. तुमी मोहाले गेले होते, मी इचारलं नाही. लिवलं मी, सही माही. पटेल माह्यासमोर उभा राहून इचारे, आन मी त्याले वरचे लोक सांगे. वर कोणी नव्हतं, माय. मीच होतो. तुमी तुमचा गुडा घेऊन माह्या दारात आले तरी मी तोंड उघडलं नाही. पटेल हे न ऐकता गेला, ते माह्यामुळं. वावर गेलं, सोळा घरं गेली, ते माह्यामुळं. चूक झाली नाही. चूक मी केली. मले माफ करा.